लिंबाच्या सालीची नानकटाई आणि शुगरचा पेशंट

गेल्या १४ एप्रिलच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. विहारात निळ्या पताका लावणे चालू होते आणि आम्ही महिला मंडळाच्या सात-आठ जणी पनवेलच्या आमच्या वस्तीतल्या एका घरात नानकटाई भाजत होतो. मिरवणुकीत मुलांना वाटायची होती. तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतली मुलगी धावत आली. “मावशी, पप्पा थरथरतायत, घाम सुटलाय, नीट बोलत नाहीत.”

आम्ही पोचलो तेव्हा माणूस भिंतीला टेकून बसलेला, शर्ट भिजून अंगाला चिकटलेला. बाजूच्या ताटलीत आमच्याच नानकटाईचा चुरा पडलेला होता. मुलगी हुशार. वडिलांची शुगर कमी झाली हे तिने बरोबर ओळखले होते, आणि काहीतरी गोड द्यायचे म्हणून हाताला आली ती नानकटाई दिली होती. तीन खाल्ल्या, तरी उतार नाही. मशीनवर शुगर ५४ आली. सकाळी गोळी घेतली होती आणि पताका लावायच्या नादात दुपारचे जेवण राहून गेले होते.

अर्धा पेला पाण्यात चहाचे तीन चमचे साखर विरघळवून दिली. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली तर ८२. मग डाळ-भात खायला घातला. आठ वाजता हेच गृहस्थ “माझी पताका वाकडी कोणी लावली” म्हणून पोरांवर ओरडत होते.

घरी परत येताना आमच्यातल्या एकीने विचारले, “ताई, नानकटाईतही साखरच होती ना? मग ती का नाही लागू पडली?” या पानावर आज नानकटाईबद्दल लिहायचे ठरवले ते या प्रश्नामुळे. कृती सांगणारच आहोत, पण आधी हे.

नानकटाईत साखर असते तसे भरपूर तूपही असते. तूप पोटातून हळूहळू पुढे सरकते आणि सोबतच्या साखरेलाही अडवून ठेवते. एरवी हे चालून जाते. शुगर ७० च्या खाली गेलेल्या माणसाला मात्र वेळ नसतो. त्याला तूप नसलेली, पाण्यात विरघळलेली साखर लागते. साखरेचे पाणी, ग्लुकोज पावडर, नाहीतर गोड सरबत चालेल. बिस्किट, पेढा, चॉकलेट नको. पंधरा ग्रॅम साखर, पंधरा मिनिटे थांबणे, पुन्हा तपासणे, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच साखर. मशीन नसेल तर मशीनची वाट बघू नका, साखर द्या. माणूस बेशुद्ध असेल किंवा त्याला गिळता येत नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही, कुशीवर वळवायचे आणि १०८ ला फोन करायचा. इन्सुलिन घेणाऱ्यांना आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका जास्त असतो. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना तो सहसा नसतो. तुमच्या घरातला पेशंट कोणती गोळी घेतो हे पाकिटावर वाचून ठेवा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या.

आता नानकटाई. आमच्या पिढीला ती आठवते ती बेकरीतली. दिवाळीच्या आधी किंवा परीक्षा संपल्यावर आई मैदा, तूप, साखर, वेलची डब्यात भरून बेकरीवाल्याकडे द्यायची आणि आम्ही भावंडे भट्टीबाहेर ताटकळत बसायचो. आमची आजी सांगायची, “बेकरीवाल्याने कधी जात नाही विचारली. सगळ्यांचे ट्रे एकाच भट्टीत जायचे.” आजीला ही गोष्ट मोठी वाटायची, आणि का वाटणार नाही? ज्या जिल्ह्यात चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला त्या जिल्ह्यातली ती. पुण्यात तर १८९० साली पंचहौद मिशनमध्ये गेलेल्या टिळक-रानड्यांसारख्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली, तेवढ्यावरून सनातन्यांनी ग्रामण्य उभे केले आणि प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेले. आज त्याच पुण्यातून येणारा प्रत्येक जण श्रूजबेरीचा पुडा घेऊन येतो!

ही श्रूजबेरी आणि आपली नानकटाई या सख्ख्या नाही तरी चुलत बहिणी. नानकटाई सुरतेची. तिथे डच लोकांसाठी चालणारी बेकरी दोटीवाला नावाच्या पारशी गृहस्थांकडे आली आणि त्यातून नानकटाई निघाली असे सांगतात. श्रूजबेरी हे नाव इंग्लंडमधल्या गावाचे. पुण्याच्या कॅम्पातली, १९५५ पासूनची इराण्यांची कयानी बेकरी तिच्यासाठी प्रसिद्ध. जुन्या इंग्रजी कृतींत या बिस्किटात गुलाबपाणी घालत, पुढे लिंबाची सालही आली. म्हणजे लिंबाच्या आणि गुलाबाच्या वासाचे बिस्किट ही काही आजची टीव्हीवरची फॅशन नव्हे. दोन्हींचे गणित एकच: एक भाग साखर, दोन भाग तूप किंवा लोणी, तीन भाग पीठ. तूप पिठाच्या कणाकणाला लागते, त्यामुळे कणकेसारखा चिवटपणा येत नाही आणि तोंडात टाकले की भुगा होतो.

आमच्या मंडळाने या गणितात थोडा फेरफार केला. गव्हाचे चाळलेले पीठ १०० ग्रॅम, नाचणीचे पीठ ५० ग्रॅम, साजूक तूप ९० ग्रॅम, पिठीसाखर ५० ग्रॅम, चिमूटभर मीठ, पाव चमचा बेकिंग पावडर. नाचणीत चिवटपणा मुळातच नसतो, म्हणून ती यात छान बसते. शिवाय १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, मैद्यात त्याच्या पासंगालाही पुरेल इतके नसते. नाचणी आधी मंद आचेवर कोरडी भाजून घ्या, नाहीतर कच्चट लागते. हे आम्ही पहिला घाणा वाया घालवून शिकलो.

वासासाठी दोन लिंबांची साल. लिंबे कोमट पाण्यात चोळून धुवा, बाहेरून लावलेले औषध किंवा मेण असेल तर बरेचसे निघते. बारीक किसणीवर फक्त वरचा पिवळा थर किसा. खालचा पांढरा भाग कडू असतो. वासाचे तेल पिवळ्या थरातच असते आणि ते उडून जाते, म्हणून कीस थेट पिठात न टाकता पिठीसाखरेत घालून बोटांनी चोळायचा. साखर ओलसर होते आणि खोलीभर वास सुटतो. थंडीत नागपुरी संत्री आली की त्यांची साल वापरा, मात्र ती सोलण्याआधी, अख्ख्या संत्र्यावरच किसून घ्या.

इथे एक गैरसमज दूर करतो. “लिंबू आहे म्हणजे व्हिटॅमिन सी मिळेल” असे आमच्या बायका मोठ्या आनंदाने म्हणतात. ते जीवनसत्त्व उष्णतेने बरेचसे नष्ट होते आणि चिमूटभर किसातून मिळणार तरी किती! साल वासासाठी. साल काढलेल्या लिंबाचा रस मात्र फेकू नका. तो त्याच दिवशी डाळीवर, पालेभाजीवर, मटकीच्या उसळीवर पिळा, कारण त्यातले लोह अंगी लागायला लिंबू मदत करते. चहा याच्या उलट वागतो. जेवणाबरोबर घेतला की लोह शोषू देत नाही. रक्त कमी असलेल्या किती मुली आम्ही पाहिल्या, ज्यांचा सकाळचा नाश्ता म्हणजे चहा आणि त्यात बुडवलेली चार बिस्किटे.

गुलाबाबद्दल मात्र जरा कडक बोलावे लागेल. विहारात वंदनेला ठेवलेली किंवा हारातली फुले खाण्यात वापरू नका. श्रद्धेचा प्रश्न नाही, फवारणीचा आहे. बाजारातली फुले दिसायला चांगली राहावीत म्हणून पिकवलेली असतात, खाण्यासाठी नव्हे. दारातल्या कुंडीतला गावठी गुलाब, ज्यावर आपण औषध मारलेले नाही, तोच घ्या. पाकळीच्या बुडाचा पांढरा भाग कडवट असतो, तो खुडून टाका. पाकळ्या धुऊन सावलीत दोन-तीन दिवस वाळवा. पावसाळ्यात हा उद्योग करू नका, बुरशी धरते. त्या दिवसांत चमचाभर गुलकंद घाला आणि तेवढी साखर कमी करा. दुसरे म्हणजे, फूल सुंदर आहे म्हणून ते खाण्याचे असतेच असे नाही. कण्हेर आणि पिवळी बिट्टी आपल्या रस्त्यांच्या कडेला भरपूर आहे, आणि ती हृदय थांबवू शकते. लहान मुले मदतीला बसली की फुले तीच आणतात. काय आणले ते बघा.

तूप आणि साखर हाताने फिकट होईपर्यंत फेसा, मग पिठे चाळून घाला, चमचाभर वाळलेल्या पाकळ्या चुरून घाला. मळायचे नाही, नुसते गोळा करायचे. जमत नसेल तर चमचाभर दूध. वीस गोळे करून किंचित दाबा. मे महिन्यात आपल्याकडे तूप पातळच असते, ते तसेच वापरले तर नानकटाई ताटलीभर पसरते. तुपाची वाटी गार पाण्यात ठेवून ते थिजवून घ्या.

ओव्हन नको. जाड बुडाचे जुने पातेले घ्या, तळाशी बोटभर मीठ पसरा, वर स्टँड, घट्ट झाकण. मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवा, मग तूप लावलेली ताटली आत ठेवून आच अगदी मंद करा. वीस ते पंचवीस मिनिटे लागतात. पुष्कळ जणी कुकर वापरतात. वापरायचाच असेल तर जुना घ्या आणि शिटी व रबर दोन्ही काढा. रोजच्या भाताचा कुकर असा कोरडा तापवून खराब करू नका. कडा किंचित तांबूस झाल्या की ताटली बाहेर काढा. तेव्हा ती मऊच लागते, गार झाल्यावर कडक होते. “कच्ची राहिली” म्हणून पुन्हा आत ढकलली की कोळसा. तापलेले मीठ लवकर निवत नाही, पोरांना लांब ठेवा. भाजलेच तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरा. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. वॉर्डात भाजलेल्या जखमेवरची वाळलेली टूथपेस्ट काढताना पेशंट कसा कळवळतो ते आम्ही पाहिले आहे.

स्वस्तात होते म्हणून वनस्पती तूप घालू का, असे सगळ्याच विचारतात. त्यातली ट्रान्स चरबी हृदयाच्या रक्तवाहिन्यांची वैरीण आहे. १ जानेवारी २०२२ पासून सरकारने ती २ टक्क्यांच्या आत ठेवायचे बंधन घातले आहे. पण सुटे, बिनशिक्क्याचे डबे कोण तपासतो? साजूक तूप परवडत नसेल तर नानकटाई कमी करा, तूप बदलू नका. आणि साजूक आहे म्हणून ते औषध होत नाही.

हिशेब सांगतो. वरच्या मापात एका नानकटाईला सुमारे ७५ कॅलरी, साडेचार ग्रॅम तूप आणि अडीच ग्रॅम साखर पडते. म्हणजे दोन खाल्ल्या तर दीड-दोन लहान चपात्यांएवढे झाले. दिवसाची वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत असावी असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते, आणि ती तर आपल्याकडे चहातच संपते. शुगरच्या पेशंटने एक खावी, जेवणानंतर खावी आणि त्या दिवशी भात थोडा कमी घ्यावा. “घरची आहे, नाचणीची आहे” म्हणून चार खाऊ नयेत. आमच्या मंडळातल्याच एका ताईंनी असे केले आणि दुसऱ्या दिवशी शुगर २८० आल्यावर आमच्याशी भांडल्या.

पेशंटला भेटायला जाताना बिस्किटाचा पुडा न्यायची आपली रीतही जरा बदला. मेडिकल वॉर्डात अर्ध्या लॉकरमध्ये बिस्किटे आणि अर्ध्या पेशंटना डायबेटीस, असे चित्र आम्ही वर्षानुवर्षे बघत आलो. उकडलेली अंडी न्या, पेरू न्या, चणे न्या.

काही भगिनींनी नानकटाई विकायचा विचार बोलून दाखवला. जरूर विका. अन्न सुरक्षा कायद्याखाली घरून विकणाऱ्यालाही नोंदणी लागते, ती ऑनलाइन होते. डब्यावर भाजल्याची तारीख आणि काय काय घातले ते लिहा. पनवेलच्या पावसाळी हवेत ती दोन दिवसांत सादळते, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात आठवडाभर टिकते.

ज्या गृहस्थांपासून सुरुवात झाली त्यांच्या मुलीने आता वहीच्या कागदाच्या तीन पुड्या केल्या आहेत, प्रत्येकीत तीन चमचे साखर. एक वडिलांच्या शर्टाच्या खिशात, एक रिक्षाच्या डिकीत आणि एक विहारातल्या कपाटात. तिसरीवर तिने पेनाने लिहिले आहे: “मुलांनी खाऊ नये.” ती आतापर्यंत दोनदा भरावी लागली.