भुशीच्या पाण्याचा वेग

सकाळी ६. तुंगार्लीत रात्रभर कोसळतोय. रात्री लावलेलं पाण्याच्या सिम्युलेशनचं बेकिंग, म्हणजे कणांच्या हालचालींचं गणित, संपलंय. पहिल्या खेपेला व्हिस्कॉसिटी मी जास्तच ठेवते. कण उधळत नाहीत, प्रवाहाची वाट कळते. स्क्रीनवर भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी मधासारखं ओघळतंय. ही ॲनिमेशन फिल्म पावसाळी पर्यटकांना सावध करण्यासाठी आहे. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. हे पाणी संथ दिसून चालणारच नाही.

८. गर्दी व्हायच्या आत भुशीवर. कणसाच्या गाडीवरच्या मावशींना विचारलं, "काल कुठवर होतं पाणी?" "अगं, या पायरीवर पाय ठरत नव्हता." मोबाइलवर वाहत्या पानांचं चित्रण केलं.

१०. सेकंदाला ३० फ्रेमच्या त्या चित्रणात एका पानाने मीटरभर अंतर १० फ्रेममध्ये कापलं, म्हणजे सेकंदाला ३ मीटर. हाच माझा आधार. ब्लेंडरमध्ये कणांचा प्रकार 'फ्लुइड', सॉल्व्हर 'क्लासिकल', रेस्ट डेन्सिटी १०००. या पद्धतीत प्रत्येक कण ठरावीक त्रिज्येतल्या शेजाऱ्यांवरून आपली घनता आणि दाब ठरवतो. १९७७ मध्ये ती निघाली ती ताऱ्यांच्या अभ्यासासाठी, आणि आज पायरीवरच्या पाण्याला तीच लागू पडते, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

व्हिस्कॉसिटी उतरवली. आता स्टिफनेस. तो कमी पडला की तळाचे कण चेपतात आणि पाण्याचं आकारमान घटतं. वाढवला की कण फुटाण्यांसारखे उडतात. उपाय सबफ्रेममध्ये, म्हणजे एका फ्रेमचे आणखी बारीक टप्पे पाडण्यात. फिल्मच्या २४ फ्रेमच्या हिशेबाने ३ मीटर वेगाचा कण एका फ्रेममध्ये साडेबारा सेंटिमीटर जातो, आणि माझ्या कणांमधलं अंतर आहे ५ सेंटिमीटर. एका उडीत तो शेजाऱ्याला ओलांडून जाणार. म्हणून आधी सबफ्रेम वाढवायचे, मग स्टिफनेस. अंतर निम्मं केलं तर कण आठपट, सबफ्रेमही दुप्पट: मशीनला सोळापट काम. ५ सेंटिमीटरच राहू दे.

१. लाइट गेली. डाळभात.

३. वजनाची कसोटी. सीनमध्ये एक मीटरवरून थेंब सोडला. ११ फ्रेममध्ये खाली यायला हवा, आला. म्हणजे माप आणि गुरुत्व जुळलं. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात धरणाची लहान प्रतिरूपं बांधून त्यांत खरंच पाणी सोडतात. तिथेही हा हिशेब चुकत नाही: प्रतिरूप २५ पट लहान, तर वेळ ५ पट कमी.

५. फिल्म करून घेणाऱ्यांचा फोन. "ताई, थोडं स्लो मोशन करा ना, सुंदर दिसेल." मी नाही म्हणाले. पाण्याचा वेग दुप्पट झाला की पायावरचा रेटा चौपट होतो, म्हणून गुडघाभर पाणीही माणसाला पाडतं. पडद्यावर ते डुलत उतरलं, तर बघणारं पोर बेधडक त्यात उतरेल. त्यांना पानाचं चित्रण पाठवलं. तासाभराने मान्य झालं.

रात्री १०. नवं बेकिंग लावलं. पहिल्या काही फ्रेममध्ये पाणी पायरीच्या कडेवरून सुटून पुढच्या पायरीवर आदळतंय, फेस उजवीकडे रेटला जातोय. उद्या तिथे माणसाचे पाय ठेवायचेत.