मुलांना वाचून दाखवा

मुलें वाचीत नाहींत, अशी तक्रार घरोघरीं ऐकूं येते. आपण त्यांना वाचून दाखवीत नाहीं, हें त्याचें एक कारण मात्र क्वचितच कोणाच्या ध्यानीं येतें.

पाणिनीय शिक्षेंत अधम पाठकाचे सहा दोष सांगितले आहेत: गाऊन वाचणें, घाई करणें, मान डोलावणें, लिखितावर विसंबून राहणें, अर्थ न जाणणें व आवाज क्षीण असणें. पस्तीस वर्षें मीं हे दोष मुलांत शोधले. माझा स्वतःचा दोष मात्र मला दिसला नाहीं. नातू वाचावयास बसला कीं प्रत्येक जोडाक्षराला मी त्यास अडवीत असें. अखेर पुस्तक दिसतांच त्याच्या पोटांत दुखूं लागलें!

तेव्हां आमच्या सौभाग्यवतींनीं वाचनाचें काम आपल्याकडे घेतलें. साने गुरुजींची 'श्यामची आई' १९३५ सालीं प्रसिद्ध झाली. तींत एकेक प्रकरण म्हणजे एकेक रात्र, अशा ४२ रात्री आहेत. दिवेलागणीनंतर ओळीखालीं बोट ठेवून त्या रोज एक रात्र वाचीत. चूक काढणें नाहीं कीं प्रश्न विचारणें नाहीं. ऐकतां ऐकतां कोठें थांबावें हें मुलाला कळूं लागलें. नवे शब्द अर्थासह कानीं बसले. एके दिवशीं त्यांचा घसा बसला. "आजी, आज मी वाचतों," म्हणून त्यानें पुस्तक ओढून घेतलें. तो अडखळला, मी गप्प राहिलों. पुढचा शब्द त्यानें आपला आपणच लावला.

चातुर्मासांत 'पांडवप्रताप' ऐकणाऱ्या मुलांना अक्षरांआधीं भाषा अशीच लाभत असे. पालकहो, रोज पंधरा मिनिटें वाचून दाखवा; आणि मूल अडखळलें तर क्षणभर थांबा.