इंद्याल

लसूण, मिरची व इतर मसाला शिरक्यात वाटून, त्यात मांस मुरवून शिजविलेला खाद्यपदार्थ. वसई तालुक्याच्या (जि. पालघर) पश्चिम पट्ट्यात वटार, नंदाखाल, निर्मळ इ. गावांतील ख्रिस्ती कुटुंबांत तो लग्नकार्यात, सणांना व एरवीही घरोघरी केला जातो. मांस मुख्यतः डुकराचे असते. बदक व कोंबडी यांचेही इंद्याल करतात. इतरत्र या पदार्थास विंदालू म्हणतात.

दोन्ही नावे ‘व्हिन्या द आल्यूश’ या पोर्तुगीज शब्दसमूहावरून आली असून त्यांतील पहिला शब्द मद्याशी संबंधित आहे, तर ‘आल्यूश’ म्हणजे लसूण. विंदालूमध्ये ‘आलू’ दिसतो म्हणून उपाहारगृहांतून त्यात बटाटे घालण्याची रीत पडली. तिला व्युत्पत्तीचा आधार नाही. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. त्यांच्या देशातील द्राक्षमद्याची जागा येथे ताडामाडाच्या शिरक्याने घेतली. मिरची मूळची अमेरिकेतील. तेव्हा जाळ तिखटपणा हे या पदार्थाचे मूळ लक्षण नव्हे. आंबटपणा व लसूण हेच त्याचे मर्म होय.

एक किलो मांसास साधारणतः १५ ते २० सुक्या मिरच्या, लसणाचा एक मोठा गड्डा, आले, जिरे, मिरी, हळद व सु. १०० मिलि. शिरका लागतो. मसाला पाण्याऐवजी शिरक्यातच वाटतात. मांसाचे तुकडे चरबीसह घेऊन मीठ व मसाला चोळून रात्रभर मुरत ठेवतात. त्यासाठी मातीचे, काचेचे वा चिनी मातीचे भांडे घ्यावे. ॲल्युमिनियम व बिनकल्हईचे तांबे-पितळ यांवर आम्लाची क्रिया होते. नंतर मंद आचेवर, चरबी सुटून वर येईपर्यंत शिजवितात. दुसऱ्या दिवशी चव अधिक खुलते, असा सार्वत्रिक अनुभव आहे. सोबत फुगे किंवा तांदळाची भाकरी असते.

शिरक्यातील ॲसिटिक आम्लामुळे पुष्कळशा सूक्ष्मजंतूंची वाढ मंदावते, तसेच मांसातील संयोजी ऊतक फुगून सैल होते. शीतपेटी नसतानाच्या काळात शिजविलेले इंद्याल टिकण्यास हे आम्ल, मीठ आणि वर गोठणारा चरबीचा थर ही तिन्ही कारणे उपयोगी पडत. तथापि शिरक्यात मुरविल्याने मांस निर्जंतुक होते, हा समज घातक आहे. डुकराच्या मांसातील पट्टकृमीच्या अळ्या निश्चितपणे मरतात त्या उष्णतेने. मोठ्या तुकड्याच्या मध्यभागी गुलाबी छटा उरली असल्यास तो पुन्हा शिजवावा.

याच तत्त्वावरील जर्मनीचा घरगुती पदार्थ म्हणजे साउअरब्राटन. त्यात गोमांसाचा (ऱ्हाइन प्रदेशात पूर्वी घोड्याच्या मांसाचाही) अखंड तुकडा शिरका, कांदा, तमालपत्र, लवंग व जूनिपरची फळे यांच्या मिश्रणात तीन ते दहा दिवस थंड जागी ठेवतात. ऱ्हाइनकडील रश्श्यात बेदाणे व मसालेदार गोड केकचा चुरा घालतात. बटाट्याचे उकडलेले गोळे व तांबडी कोबी यांबरोबर तो वाढतात. वसईच्या उष्ण हवेत इतके दिवस थांबणे धोक्याचे, आणि लहान तुकड्यांत आम्ल लवकर शिरत असल्याने अनावश्यकही.

शिरका घरी करण्यासाठी ताडी सैल झाकून ठेवीत. किण्वामुळे तिच्यातील साखरेचे अल्कोहॉल व पुढे जीवाणूंमुळे, हवेच्या सान्निध्यात, अल्कोहॉलचे आम्ल होते. यास काही आठवडे लागतात. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ मध्ये ताडीचा अंतर्भाव असल्याने हा कच्चा माल परवान्याच्या कक्षेत आला. बाजारातील ‘सिंथेटिक’ शिरका म्हणजे ॲसिटिक आम्लाचे सु. ४ टक्क्यांचे द्रावण. आंबटपणा तोच, परंतु आंबवणीतून येणारा सुगंध त्यात नसतो. ही उणीव भरून काढण्यासाठी साखर घालणाऱ्या गृहिणी चूक करीत नाहीत, मात्र त्याने सुगंध परत येत नाही. दाट आम्ल आणून घरी पातळ करण्याचा प्रकार टाळावा, कारण त्याने त्वचा व अन्ननलिका भाजते. ताडीचा शिरका मिळाल्यास तो प्रथम चाखून पाहावा व मगच प्रमाण ठरवावे, कारण त्याची तीव्रता दर बाटलीस निराळी असते.