खाट मिळाली म्हणजे ॲडमिट झालं, असं नाही

अमेरिकेत मुलांजवळ राहणाऱ्या आणि मेडिकेअर असलेल्या मराठी आईवडिलांच्या घरी हॉस्पिटलचं बिल आलं की प्रश्न उठतो : इतके दिवस आत ठेवलं होतं, मग ॲडमिट नव्हते असं कसं म्हणतात? उत्तर बहुतेक वेळा केसपेपरमधल्या एका ऑर्डरपाशी सापडतं.

गैरसमज : वॉर्डात खाट मिळाली, सलाईन लागलं, रात्र तिथेच गेली, म्हणजे पेशंट ॲडमिट झाला.

वस्तुस्थिती : मेडिकेअरच्या लेखी पेशंट इनपेशंट होतो तो डॉक्टरांच्या औपचारिक ऑर्डरने. ती नसेल, तर त्याच खाटेवर झोपलेला माणूस ‘ऑब्झर्वेशन’मध्ये, म्हणजे कागदोपत्री बाह्यरुग्ण असू शकतो. ऑर्डर देणाऱ्याला त्या हॉस्पिटलात पेशंट दाखल करून घेण्याचा अधिकार हवा आणि या पेशंटची प्रकृती ठाऊक हवी. ऑर्डर तोंडी देऊन नंतर सही केली तरी चालते. मागची तारीख घालून मात्र ती देता येत नाही.

गैरसमज : दोन रात्री काढल्या की आपोआप इनपेशंट.

वस्तुस्थिती : 1 ऑक्टोबर 2013 पासून लागू झालेला ‘दोन मध्यरात्रीं’चा नियम डॉक्टरांच्या अपेक्षेवर उभा आहे. या पेशंटला हॉस्पिटलातले उपचार दोन मध्यरात्री ओलांडून लागतील, असं ऑर्डर देताना त्यांना वाटलं पाहिजे आणि का वाटलं ते नोंदींतून दिसलं पाहिजे : पूर्वीचे आजार, लक्षणांची तीव्रता, प्रकृती बिघडण्याचा धोका. पेशंट अनपेक्षितपणे लवकर सुधारला, तरी तेवढ्याने ती ऑर्डर चुकीची ठरत नाही. मुदतीबद्दलचं डॉक्टरांचं वेगळं प्रमाणपत्रही 2015 पासून फक्त 20 दिवस किंवा त्याहून लांबलेल्या आणि असाधारण खर्चाच्या केसेसना लागतं.

गैरसमज : 2018 मध्ये ऑर्डरची अटच काढून टाकली.

वस्तुस्थिती : ऑक्टोबर 2018 पासून सैल झाली ती पैसे मिळण्याची अट. एखादी सही राहिली एवढ्याच कारणाने, बाकी नोंदी स्पष्ट असताना, बिल नाकारलं जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. ॲडमिट करायला ऑर्डर आजही लागते.

गैरसमज : हा हॉस्पिटलचा आतला हिशेब, आपल्याला काय त्याचं?

वस्तुस्थिती : सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच. इनपेशंटचा खर्च पार्ट ए उचलतं. ऑब्झर्वेशन पार्ट बीमध्ये जातं आणि तिथे साधारण 20 टक्के वाटा पेशंटचा असतो. खरा फटका डिस्चार्जनंतर बसतो. नर्सिंग फॅसिलिटीतल्या पुनर्वसनाचे पैसे मूळ मेडिकेअर देतं ते सलग 3 दिवस इनपेशंट राहिलेल्यांना. समजा, आजी पडल्या. पहिली रात्र ऑब्झर्वेशनमध्ये, पुढच्या दोन इनपेशंट म्हणून. दोन मध्यरात्रींच्या हिशेबात पहिल्या रात्रीचे उपचारही धरले जातात, पण या 3 दिवसांत ती रात्र येत नाही आणि डिस्चार्जचा दिवसही येत नाही. आजींचे दिवस भरले दोनच. फॅसिलिटीचा सगळा खर्च घरच्यांवर. चालताही न येणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा नियम मला अन्यायकारक वाटतो. काही मेडिकेअर ॲडव्हान्टेज प्लॅन ही अट माफ करतात. आपल्या प्लॅनला विचारून ठेवा.

ऑब्झर्वेशन 24 तासांपेक्षा लांबलं, तर हॉस्पिटलला 36 तासांच्या आत ‘मून’ नावाची लेखी सूचना द्यावीच लागते, शिवाय ती तोंडी समजावून सांगावी लागते. तिच्यावरची सही म्हणजे संमती नव्हे, फक्त पोच. आधी इनपेशंट करून मग ऑब्झर्वेशनमध्ये टाकलेल्या काही पेशंटना फेब्रुवारी 2025 पासून अपील करता येतं.

म्हणून पहिल्याच दिवशी राउंडवर आलेल्या डॉक्टरांना किंवा केस मॅनेजरला सरळ विचारा : इनपेशंटची ऑर्डर झाली आहे का, आणि किती वाजता? नसेल तर कारण विचारा, आणि हे डिस्चार्जच्या आधी करा. घरी आल्यावर ती ऑर्डर कुणालाच लिहिता येत नाही.