उजेडाची नाकेबंदी

वडिलांच्या पश्चात लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात सापडलेल्या जपानी कॅमेऱ्याचे शटर इतक्या वर्षांनंतरही पहिल्याच दाबासरशी उघडले, तेव्हा झालेला हर्ष त्यातला पहिला रोल धुऊन आला त्या संध्याकाळपर्यंतच टिकला; कारण निम्म्याअधिक चित्रांच्या कडेवर तांबूस-नारिंगी ज्वाळा पसरल्या होत्या, आणि रोल काढताना अंगठ्याला लागलेले डांबरासारखे चिकट काळे साबणाने निघता निघत नव्हते.

अशा प्रकरणाचा पंचनामा निगेटिव्हवरच करावा. डाग चौकटीच्या हद्दीबाहेर, दात्यांच्या भोकांपर्यंत गेला असेल, तर उजेड मागच्या झाकणाकडून शिरला आहे. चौकटीच्या आतच थांबला असेल, तर भिंग किंवा शटर यांची चौकशी करावी. तांबूस रंगाचीही उपपत्ती आहे: रंगीत निगेटिव्हमध्ये तांबड्या प्रकाशाला संवेदनशील थर पायापाशी, म्हणजे सर्वांत मागे असतो, त्यामुळे पाठीमागून आलेल्या घुसखोराची गाठ प्रथम त्याच्याशीच पडते. माझे सारे डाग बिजागरीच्या बाजूचे होते, आणि कॅमेरा गच्चीच्या कठड्यावर उन्हात विसरला होता त्या वेळचे चित्र तर पुरते जळाले होते.

झाकणाच्या कडेने उजेडाची नाकेबंदी ज्या पदार्थाच्या पट्टीवर सोपवलेली असते, तो पॉलियुरेथेनचा फोम होय. पॉलियुरेथेनचे रसायन 1937 साली लेव्हरकुसेन येथे ऑटो बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने सिद्ध केले (बायर कंपनीच्या संस्थापक घराण्याशी त्याचे नाते नव्हते, नुसते नामसादृश्य). पुढे त्याच्या फोमला मोल्टोप्रेन हे व्यापारी नाव मिळाले, आणि जपानी कारागीर आजही या पट्टीला त्याचाच संक्षेप करून ‘मोल्तो’ म्हणतात. हा फोम येण्याआधीच्या अनेक कॅमेऱ्यांत झाकणाची कड खोल खाचेत बसे आणि वाकणे घेत आत जाणे उजेडाला जमत नसे. जोडीला मखमल किंवा लोकरीचा धागा असे. फोम आल्यावर खाच उथळ चालली, घडणीतली थोडीफार तफावत खपली आणि खर्च वाचला. 1966 ची याशिका इलेक्ट्रो 35, 1967 ची ऑलिंपस ट्रिप 35, 1968 ची कोनिका सी 35, 1972 ची कॅनोनेट जी-थ्री क्यूएल 17, या सर्वांच्या धातूच्या देहात हा अल्पायुषी पहारेकरी बसलेला आहे. ट्रिपला बॅटरीसुद्धा लागत नाही, तिचा सेलेनियमचा प्रकाशमापक उजेडावरच चालतो. आणि तरी तिला निकामी करायला चार-दोन रुपयांची पट्टी पुरते! ही काटकसर मला कधीच शहाणपणाची वाटलेली नाही.

कॅमेरा न वापरता जपून ठेवला म्हणजे फोम टिकतो, हा समज मात्र सोडून द्यावा. हवेतील बाष्प या फोममधील एस्टरचे बंध तोडते, तुटण्यातून आम्ल सुटते, आणि ते आम्ल पुढच्या तुटण्याला चालना देते; माझ्या अंगठ्याला लागलेले चिकट काळे म्हणजे असा विघटलेला फोमच. अर्थात चामड्याच्या बंद पेटीत मुंबईचे पावसाळे काढलेल्या कॅमेऱ्यात काय घडत असेल, ते सांगायला नको.

दुरुस्ती अवघड नाही, चिकाटीची आहे. प्रथम फिल्मची चौकट कागदाने झाकावी, कारण शटरच्या पात्यांवर एक चिकट कण पडला तर स्वस्त काम महाग होते. मग बांबूच्या दातकोरणीने खाच खरवडावी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापूस फिरवावा. अ‍ॅसिटोन रंग आणि प्लास्टिक दोन्ही खाते, त्याला हात लावू नये. माझ्या कॅमेऱ्याची खाच स्वच्छ करायला दोन संध्याकाळी गेल्या. नवी पट्टी दीड-दोन मिलिमीटर जाडीची, खाचेच्या रुंदीची, धारदार पात्याने पोलादी पट्टीला लावून कापायची. आणि तिची गोंदाची बाजू पोस्टाच्या तिकिटासारखी जिभेने ओली करायची, म्हणजे गोंद क्षणभर आपली पकड विसरतो आणि पट्टी खाचेत सरकवून सरळ करता येते. ही युक्ती ऐकली तेव्हा मी हसलो होतो. कोरडी पट्टी तीनदा वाकडी बसल्यावर निमूट जीभ काढली. फोम जाड घेतला तर झाकण बंद होत नाही, पातळ घेतला तर सारा खटाटोप व्यर्थ. अरुंद खाचेत काळ्या लोकरीचा धागा दाबून बसवला तरी चालते. त्याला बाष्पाचे भय नाही, कसर लागली तरच काय ती पंचाईत.

बिजागरीची रुंद पट्टी बसवून, नवा रोल भरून मी कॅमेरा गच्चीवर प्रत्येक अंगाने दहा-दहा मिनिटे उन्हात ठेवला. रोल धुऊन आला तेव्हा बिजागरीकडची बाजू निर्मळ होती. विरुद्ध बाजूला, खिटीपाशी, केसाएवढी एक नारिंगी रेघ होती. तिथला फोम चांगला दिसतो म्हणून मी तसाच राहू दिला होता. नखाने दाबून पाहिला, तर त्याचा चुरा झाला.