वादळाचे शब्दसोबती

काही शब्दांची सोबत भाषेत ठरून गेलेली असते. मराठीत वारा सुटतो, वीज कडाडते, आभाळ भरून येते. ‘वीज भरून आली’ असे कोणी म्हणत नाही. इंग्रजीतही तसेच आहे. मुसळधार पावसाला तेथे ‘हेवी’, म्हणजे जड म्हणतात. सोसाट्याच्या वाऱ्याला मात्र ‘स्ट्राँग’, म्हणजे बलवान. वादळ जमून येऊ लागले की ते ‘ब्रू’ होते. हे क्रियापद मूळचे मद्य आंबवण्याचे!

बोलताना जोडी चुकली तर फार तर हसू होते. समुद्रावर तसे नाही. १८५९ च्या ऑक्टोबरात ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वादळात सापडून वेल्सच्या किनाऱ्यावर फुटले आणि सुमारे ४५० माणसे प्राणास मुकली. पुढे १८६१ पासून रॉबर्ट फिट्झरॉय यांनी बंदरोबंदरी तारेने इशारे धाडण्यास आरंभ केला. आजही ब्रिटनच्या रेडिओवर सागरी हवामानाचे वृत्त देताना हे शब्द तोलून वापरतात. ‘गेल’ म्हणजे ताशी ३४ ते ४० सागरी मैल वेगाचा वारा. त्याहून मोठा ‘सीव्हिअर गेल’, मग ‘स्टॉर्म’, मग ‘व्हायोलंट स्टॉर्म’. येथे ‘व्हायोलंट’ हे शोभेचे विशेषण नव्हे. ती वाऱ्याची ठरलेली पायरी आहे. ‘गेल’च्या सोबतीस ‘इमिनंट’ आला, तर वारा ६ तासांच्या आत येणार. ‘सून’ आला, तर ६ ते १२ तासांत. ‘लेटर’ आला, तर १२ तासांनंतर. ‘लेटर’ ऐकणारा कोळी जाळी आवरून परततो. ‘इमिनंट’ ऐकणाऱ्याला जवळ असेल ते बंदर गाठावे लागते.