बाईक ट्रिपला कॅमेरा कुठे ठेवावा? बॉक्समध्ये, टाकीवर की पाठीवर?

पावसाळा सरत आला की पुण्या-मुंबईहून बाईकवाल्यांचे जथे कास पठाराकडे निघतात. अनेकांचा कॅमेरा मागच्या टॉप बॉक्समध्ये असतो. कुलूप लागतं, पाणी शिरत नाही, म्हणून ती जागा सुरक्षित वाटते. हादऱ्यांच्या बाबतीत मात्र बाईकवरची सगळ्यात वाईट जागा तीच.

खड्ड्यातून जाताना बाईकचा मधला भाग कमी हलतो आणि टोकं उसळतात. एसटीच्या शेवटच्या सीटवर बसलेल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. टॉप बॉक्स तर मागच्या चाकाच्या वर, बहुधा थोडा मागेच असतो. त्यात इंजिनाची थरथर. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ५० हादरे, म्हणजे चार तासांत सात लाखांवर. हादरा बारीक असला तरी लेन्सचे स्क्रू ढिले व्हायला तो पुरतो.

हल्लीच्या बऱ्याच लेन्समध्ये फोटो हलू नये म्हणून एक भिंग तरंगतं ठेवलेलं असतं. काही कॅमेऱ्यांत सेन्सरच तसा असतो. सततच्या थरथरीचा फटका या नाजूक भागांना बसू शकतो. मोठ्या मोटारसायकलींच्या कंपनांमुळे आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये दिला होता, तो याच कारणाने.

मग ठेवायचा कुठे? बॉडी आणि एखाददुसरी लेन्स टाकीवरच्या बॅगेत सगळ्यात बरी. ही बॅग दोन चाकांच्या मधोमध असते आणि डोळ्यांसमोरही. पाठीवरच्या सॅकमध्ये हादरे अंगच झेलतं, पण पडल्यावर तोच कॅमेरा मणक्यात घुसतो. तेव्हा पाठीवर कपडे बरे. टॉप बॉक्सच वापरायचा असेल तर तळाला जाड फोम हवा. जुन्या योगा मॅटचे तुकडेही चालतात.

जड लेन्स बॉडीला लावून ठेवू नये, कारण प्रत्येक धक्क्याला सगळा भार जोडावर येतो. दोन्ही वेगळ्या करून, झाकणं लावून स्वतंत्र कप्प्यांत ठेवाव्यात. बॅग बंद करून हलवावी. आत काही खुडखुडलं तर पुन्हा भरावी.

बॅगेच्या रेनकव्हरवर फार विसंबू नये. पट्ट्यांच्या बाजूने पाणी शिरतंच. कॅमेरा आत ड्राय बॅगेत किंवा झिपच्या जाड पिशवीत ठेवावा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. एसी रूममधून बाहेर दमट हवेत आल्यावर पिशवी लगेच उघडली तर गार काचेवर दव धरतं. अर्धा-पाऊण तास ती बंदच राहू द्यावी.

घरी परतल्यावर कितीही दमलेलं असलं तरी कॅमेरा त्याच रात्री बाहेर काढून कोरडा करावा. ओलसर बॅगेत तो आठवडाभर पडून राहिला तर लेन्सला बुरशी धरू शकते आणि ती साफ करून घेणं महागात पडतं.